जागा शिल्लक नाही

मी एक जुने ई-मेल खाते आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खात्याला कसली आली भीती? ते पडत नाही, फुटत नाही, गंजत नाही. खरे आहे. तरीही मी फार भित्रे आहे, हे आधीच सांगून टाकते. मला गच्च भरून जाण्याची भीती वाटते आणि पुसले जाण्याचीही. एकदा या दोन्ही गोष्टी एकदमच माझ्यावर आल्या. तेव्हा काय झाले, ते सांगते.

माझा जन्म भाड्याच्या संगणकावर झाला. अरुंद दुकान, प्लायवूडच्या फळ्या लावून केलेले कप्पे, आणि एका कप्प्यात एक मुलगी पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. चष्म्याच्या काचा घासायचे शिक्षण तिने नुकतेच पुरे केले होते आणि नोकरीच्या अर्जावर ई-मेलचा पत्ता लिहायचा होता. तिचे नाव आधीच कुणीतरी घेतलेले निघाले. नावापुढे जन्मसाल घातले, तेही गेलेले. शेवटी कंटाळून तिने ‘चष्मेवाली’ असे टाइप केले आणि मी जन्माला आले. तेव्हापासून मीही तिला चष्मेवालीच म्हणते.

त्या वेळी मी इतके मोकळे होते की एखादा मेल आला तर आत घुमायचा.

माझे काम साधे आहे. मला एक दार आहे. आलेला मेल दारात थांबतो, मी आत जागा आहे का पाहते आणि त्याला आत घेते. जागा नसेल तर तो आल्या पावली परत जातो. दारात असताना मला फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता दिसतो. मजकूर आत घेतल्यावरच कळतो. आणि ज्या पडद्यावर मला उघडतात, त्याच्यावरचे आणि त्याच्यासमोरचे सारे मला दिसते, ऐकूही येते.

पहिला महत्त्वाचा मेल आला तो चष्म्याच्या दुकानातून, कामावर रुजू व्हा म्हणून. ती खुर्चीतल्या खुर्चीत उडाली होती. पुढे त्याच दुकानात एक जण आला. मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. खाऱ्या हवेने त्याच्या चष्म्याचे स्क्रू गंजले होते. ते बदलायला तो आला, मग काडी सैल झाली म्हणून आला, मग काडी घट्ट झाली म्हणून आला. दुकानाचे मालक, त्यांना सगळे काका म्हणत, हसून म्हणाले, “आता याच्या चष्म्यात बदलायला काही उरलं नाही.” पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले.

मग माझे सुखाचे दिवस आले. तो प्रत्येक बंदरातून लांबलचक मेल लिही. चष्मेवाली जेवणाच्या सुट्टीत काचा घासायच्या मशीनमागे बसे, ओल्या बाह्या वर सारून मला उघडे आणि घास हातातच ठेवून वाचत राही. काका ओरडत, “अगं, डबा खा आधी!” ती म्हणे, “काका, सगळं मेलवर आहे माझ्या. इथलं काही हरवत नाही.” ते ऐकून मला केवढा अभिमान वाटे!

पुढे चॅट आले. तो तिथेच दोन-दोन शब्द लिहू लागला आणि मला कुणी सहज म्हणूनही उघडीनासे झाले. तिच्या फोनमधले फोटो मात्र आपोआप माझ्या मागच्या खोलीत येऊन पडत. त्या खोलीला लोक क्लाउड म्हणतात. नाव मोठे हवेशीर आहे, पण ती खोली आणि मी एकाच जागेत राहतो. ती भरली की मीही भरते.

त्यांना मुलगी झाली. आवाज असा चिरका की आजोबांनी तिचे नाव टिटवी ठेवले. आजोबा म्हणजे चष्मेवालीच्या नवऱ्याचे वडील, निवृत्त बसचालक. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. टिटवीचे रांगणे, पडणे, शिंकणे, सगळ्याचे व्हिडिओ माझ्याकडे आले. ती मोठी झाली तशी स्वतः फोन घेऊन फोटो काढू लागली. पंखा. स्वतःचा अंगठा. अण्णांची नाकपुडी. पुन्हा पंखा. त्यात दुकानातल्या फ्रेमांचे फोटो आणि जाहिरातींचे मेल रोज भर घालत. मला श्वास घ्यायलाही जागा उरली नाही.

बोलता तर मला येत नाही. एक लाल पट्टी तेवढी दाखवता येते: जागा संपत आली आहे. मी ती दाखवत राहिले. चष्मेवाली अंगठ्याने ती बाजूला सारी आणि म्हणे, “नंतर बघू.” मग एके दिवशी पट्टीवरचे शब्द बदलले: जागा शिल्लक नाही. तीही तिने सारली.

आणि नेमके तेव्हाच तिच्या नवऱ्याचे चॅट बंद पडले.

तिने विचारले होते, “जेवलात का?” त्या प्रश्नापुढे एकच खूण उमटली. पोहोचल्याची दुसरी खूण उमटेना. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिले, “अहो, कुठे आहात?” पुन्हा एकच खूण.

“भर समुद्रात नेट नसतं,” अण्णा म्हणाले. “तुला काय हे नवीन आहे का, पोरी?” पण ते सकाळपासून तिच्या फोनकडेच बघत होते.

टीव्हीवर बातमी सरकत गेली. भर समुद्रात एका मालवाहू जहाजाला आग, जहाजाशी संपर्क नाही. जहाजाचे नाव नव्हते. अण्णांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट खिशातच घातला.

तेवढ्यात माझ्या दारात एक मेल आला.

पत्ता त्याच्या जहाजाचा होता! मी ओळखला. पण तो सगळ्यांचा मिळून एकच पत्ता होता. त्यावरून कप्तानही लिही, खलाशीही लिहीत. हा मेल कुणी लिहिला असेल? त्याने स्वतः, की त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी? मी आत वळून पाहिले. जिकडे तिकडे पंख्याचे फोटो. चार ओळींपुरतीही फट नव्हती. मेल परत गेला.

मी घाबरून लाल पट्टी पुढे केली. चष्मेवालीच्या हातात फोन होता, ती आगीची बातमी शोधत होती. पट्टी आडवी आली. तिने अंगठ्याने ती बाजूला सारली.

मित्रांनो, तो अंगठा मी अजून विसरले नाही.

संध्याकाळी आणखी एक मेल आला. तोच पत्ता. तोही परत गेला. बोटीच्या कंपनीकडून एक आला, तोही गेला. बाहेर उभे राहून कुणीतरी दार ठोठावत होते, आत माणसे जीव मुठीत धरून बसली होती, आणि मधे मी होते.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. फोन मशीनशेजारी उभा करून ठेवला होता, म्हणून मला दिसत होते. तिने काच मशीनला लावली, पाण्याचा फवारा सुरू झाला आणि काच कड्कन तडकली. दुसरी लावली. तीही तडकली.

“तू घरी जा बरं,” काका म्हणाले.

“घरी जाऊन काय करू काका? तिथे अण्णा माझ्या तोंडाकडे बघत बसतात. इथे मशीनचा आवाज तरी आहे.”

काकांनी मशीन बंद केले. मग म्हणाले, “कंपनीत फोन लाव. माझ्यासमोर लाव.”

तिने लावला. बऱ्याच वेळाने एका कारकुनाने उचलला. तिने नवऱ्याचे नाव सांगितले.

“मॅडम, घरच्यांना आम्ही मेल केलाय ना कालच,” तो म्हणाला.

“मला नाही आला.”

“थांबा हं, बघतो.” तिने फोन कानाला इतका दाबून धरला होता की मला फक्त अंधार दिसत होता. “तुमचा परत आलाय, मॅडम. तुमची मेलची जागा भरली आहे. जहाजावरून पाठवलेलेही परत जात असणार.”

“त्यात लिहिलं काय होतं?”

“इंजिनघरात आग लागली होती. विझली आहे. इंजिन बंद आहे. काही जण जखमी आहेत.”

इलेक्ट्रिशियनचे काम कुठे असते, हे तिला माहीत होते. “कोण जखमी?”

“नावं माझ्यापर्यंत आलेली नाहीत, मॅडम. खोटं नाही सांगत. बॅटरी जपून वापरताहेत. आज संध्याकाळी थोडा वेळ मेल चालू करतील, प्रत्येकाच्या घरी लिहितील. त्यानंतर ओढून न्यायला बोट पोहोचेपर्यंत सगळं बंद.”

“माझ्या नणंदेचा पत्ता देते, त्यावर पाठवायला सांगा.”

“कळवतो. पण ते आधी पाठवतात, मग वेळ उरला तर आमचं वाचतात. त्यांच्याकडे तुमचा हाच पत्ता आहे. तुम्ही जागा करा, मॅडम. संध्याकाळच्या आत.”

ती धावतच घरी आली. जेवणाच्या टेबलावर जुना संगणक होता, त्यावर तिने मला उघडले. फोनवर नणंदेला लावले आणि आवाज मोठा करून फोन शेजारी ठेवला. नणंद दुसऱ्या गावी एका कार्यालयात संगणकाचेच काम करी.

“वहिनी, रडू नकोस, पडदा दिसणार नाही,” नणंद म्हणाली. तिचाही आवाज कापत होता. भाऊ तिचाच होता. “जागा विकत मिळते. ती घेतलीस की झालं.”

“कार्डाचा ओटीपी ह्यांच्या फोनवर जातो गं.”

“बरं. मग झाडून काढू. आधी जाहिराती.”

चष्मेवालीने जाहिराती निवडल्या आणि पुसल्या. साड्या, सोफे, सहली, सगळे गेले. आकडा हलला नाही.

“काहीच झालं नाही!”

“तो नुसता भुसा होता. आता मोठं काय आहे ते बघ. आकाराप्रमाणे लाव.”

तिने यादी लावली. मोठमोठे मेल वर आले. तिच्या नवऱ्याचे बंदरांवरून आलेले सगळे मेल त्यात होते. प्रत्येकाला त्याने फोटो जोडले होते. घाईत तिने नावेही वाचली नाहीत. माउसचा बाण ‘सगळे निवडा’वर गेला.

जर हा माणूस परत आला नाही, तर त्याचे शब्द फक्त माझ्याकडे होते. आणि मला ‘थांब’ म्हणता येत नव्हते.

“वहिनी, काय करतेयस? सगळे निवडा दाबलंस का?”

“दाबतेच आहे.”

“नको! हात काढ आधी! कुणाचे आहेत ते वाच.”

तिने वाचले. हात असा मागे घेतला जणू काही चटका बसला. “बाई गं,” एवढेच म्हणाली.

“मेल सोड. मागे क्लाउडमध्ये व्हिडिओ असतील, तिथे जा. पण आधी ते संगणकात उतरवून घे, मग पुस. तिथलं पुसलंस की फोनमधलंही जाईल.”

टिटवीचे व्हिडिओ उतरू लागले. निळी रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. अण्णा पाठीमागे उभे होते. खिडकीतले ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेले.

“झालं का?”

“होतंय अण्णा.”

“आता?”

“अण्णा, बसा ना जरा!”

ते बसले आणि लगेच उठले.

टिटवीचे सारे उतरले आणि इथून पुसले गेले. उरला सर्वांत मोठा व्हिडिओ, लग्नाचा. तिने तो उतरवायला लावला, तर पडद्यावर आले की उद्या सकाळपर्यंत वेळ लागेल.

“दुसरीकडे कुठे आहे का तो?” नणंदेने विचारले.

“नाही. सीडी खराब झाली म्हणून तर इथे टाकला होता.”

चष्मेवालीने तो उघडलाही नाही. पदराने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, “लग्न झालंय माझं. व्हिडिओ पुसला म्हणून मोडत नाही.”

आणि तिने तो पुसला.

तरीही आकडा तिथेच! तिने टेबलावर मूठ आपटली. टिटवी दचकून अण्णांना चिकटली.

“कचरापेटी, वहिनी! पुसलेलं तिथे पडून राहतं, तेही जागा खातं. ती रिकामी कर.”

पडद्यावर सूचना आली: हे कायमचे नष्ट होईल, परत मिळणार नाही. तिने डोळे मिटून बटण दाबले.

“मी एक मेल पाठवते, येतो का बघ,” नणंद म्हणाली.

तिचा मेल दारात आला. मी आत पाहिले. अजूनही जागा नव्हती! तो परत गेला.

“परत आला गं वहिनी,” नणंद हळूच म्हणाली.

अण्णांनी खुर्चीची पाठ धरली. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. चष्मेवाली एक-एक रकाना उघडून बघू लागली, ओठ घट्ट मिटून, दुकानात काचेवर ओरखडा शोधते तशी. आणि तिला मागच्या खोलीत आणखी एक कचरापेटी दिसली. “अगं, फोटो-व्हिडिओंची कचरापेटी वेगळी आहे! मी मेलचीच रिकामी केली!”

“कर, कर, तीही कर!”

तिने ती रिकामी केली. मित्रांनो, माझ्या आतून काहीतरी कायमचे गेले, ते मला कळले; जाहिराती गेल्या तेव्हा असे झाले नव्हते. माझ्या भिंती सैल झाल्या. लाल पट्टी गेली. नणंदेचा दुसरा मेल दारात आला. मी त्याला आत घेतले; त्यात दोनच अक्षरे होती, “आला?”

“आला!” चष्मेवाली ओरडली.

मग वाट पाहणे सुरू झाले. नणंद फोनवरच होती. जहाजाची वेळ होऊन तर गेली नसेल? शेवटचा मेल मघाशीच येऊन परत तर गेला नसेल? नव्हता गेला, मला माहीत होते. पण सांगू कसे?

टिंग झाले. तिघेही पडद्यावर वाकले. चष्म्यांवर भरघोस सवलत, असे लिहिले होते.

“आत्ताच कडमडायचं होतं मेल्याला!” अण्णा कडाडले.

आणि त्याच्या पाठोपाठ दारात जहाजाचा पत्ता उभा राहिला. मी दार सताड उघडले. मेल आत आला.

चष्मेवालीने पत्ता पाहिला आणि ती गोठली. “कप्तानाचा असेल,” ती पुटपुटली. “अण्णा, तुम्ही उघडा.”

“मला नको सांगूस पोरी,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवले.

“बाबांचा आहे का?” टिटवीने विचारले.

त्यावर उत्तर देण्यासाठी तरी तो उघडणे भाग होते. तिने उघडला आणि मोठ्याने वाचू लागली.

“मी आहे. दोन्ही हात भाजलेत, म्हणून हे आपला आचारी टाइप करतोय. त्याच्या चुका माझ्या समजू नका. रेडिओवर डॉक्टर म्हणाले, बोटं हलतील. माझं सोडा. माझे मेल परत का येताहेत? घरी काय झालंय? अण्णा बरे आहेत ना? टिटवी? कुणीतरी एक ओळ लिहा. कालपासून डोळ्याला डोळा नाही.”

अण्णा वळून पडद्याजवळ आले. फोनवर नणंद हुंदके देत होती. आम्ही इकडे त्याच्यासाठी थरथरत होतो, आणि तो भाजलेले हात घेऊन तिकडे आमच्यासाठी.

“लवकर लिही!” अण्णा म्हणाले. “ते बंद करतील!”

तिने लिहिले, “सगळे ठीक आहोत. नुसती जागा नव्हती.” आणि पाठवला. मी तो मेल घेऊन निघाले तेव्हा मला एकच धास्ती होती, की तिकडचे दार मिटले असेल. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत बसलो.

तो मेल परत आला नाही.

नवरा घरी आला तेव्हा त्याच्या हातांना पट्ट्या होत्या. टिटवीने लग्नाचा व्हिडिओ दाखवा म्हणून हट्ट धरला. व्हिडिओ नव्हता. मग दोघे तोंडानेच सांगू लागले आणि मुहूर्ताला कुणी उशीर केला यावरून भांडू लागले. टिटवी हसत होती. मी हसले नाही. जे गेले ते मी आत सांभाळले होते, मला त्याची रिकामी जागा अजून जाणवते.

मित्रांनो, चष्मेवाली आता सुट्टीच्या दिवशी मला उघडते आणि थोडे-थोडे आवरते. पंख्याचे फोटो पुसते, दोन्ही कचरापेट्या बघते, आवडीचे काही दुसरीकडेही ठेवते. तिचा बाण फिरू लागला की मी अजूनही अंग चोरते. पण ती वाचून, पाहून पुसते. घाईने नाही.

तुमचेही असे एखादे खाते असेल. ते लाल पट्टी दाखवेल तेव्हा तिला अंगठ्याने सारू नका. आम्हा खात्यांना ओरडता येत नाही, तेवढीच आमची हाक असते. आमच्यात फार काही ठेवू नका आणि सगळे एकदम पुसूही नका. भाजलेल्या हातांच्या माणसाने दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या चार ओळी येतील, तर त्यांना आत घेता येईल, एवढी जागा तेवढी राहू द्या.